आबांची गस्तीबोट

घैसास साहेब बोटीच्या पोटाखाली उभे राहून आबांना समजावत होते, आणि समजून घ्यायचं नाही असं आधीच ठरवून आबा ऐकत होते. मी करारनाम्याची फाईल छातीशी धरून दोघांच्या मध्ये उभी होते. माझा पारा चढत चालला होता.

“जनूशेट, नुसती पाण्यात घाला,” घैसास म्हणाले. “बोट एकदा पाण्यात उतरली की खात्याला करार रद्द करता येत नाही, असं कलमच आहे. उशिराचा दंड बसेल तो बसेल. ऑर्डर तर हातात राहील. इंजिन येईल तेव्हा येऊ दे, मग पाण्यातच बसवा.”

“रिकामी बोट पाण्यात घालाची नाय,” आबा म्हणाले.

“अहो, सगळे घालतात.”

“घालू दे की.”

घैसासांनी माझ्याकडे पाहिलं. बोटीचं काम नीट चाललंय की नाही हे तपासायला खात्यानं नेमलेला हा माणूस. दर पंधरवड्याला यायचा, हातोडीनं वेल्डिंग ठोकून बघायचा, कुठे चूक काढायचा, आणि आमच्या यार्डातल्या इब्राहिमचाचांच्या घरची तांदळाची भाकरी खाऊन परत जायचा. आम्हाला पळवाट दाखवणं हे त्याचं काम नव्हतं. तरी तो दाखवत होता, कारण दीड वर्षात त्याचाही त्या बोटीवर जीव जडला होता.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. बोट बांधायच्या आमच्या उतारावर ती तरंगवण्याइतकं पाणी फक्त उधाणाच्या भरतीला यायचं. पुढचं उधाण अमावास्येला, आणि कराराची मुदत त्याच्या आधीच संपत होती. म्हणजे ही भरती चुकली तर मुदतीच्या आत दुसरी नव्हती. हे आबांना मी सांगायला नको होतं. भरतीओहोटीचं गणित त्यांना पंचांग न उघडता येत होतं. तरी मी सांगितलं, आणि बरंच वर चढलेल्या आवाजात सांगितलं.

आबा शांतपणे बोटीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हा मी नुकती विशाखापट्टणमहून जहाजबांधणी शिकून पडवणीला परत आले होते. पडवणी म्हणजे खाडीकाठचं गाव, वर देऊळ, खाली मशीद, आणि दोघांच्या मध्ये आमचं यार्ड. दर्यावर्दी खारव्यांच्या पोरीनं बोटीचं शिक्षण घ्यायला इतक्या लांब जायचं म्हणजे घरातल्या विहिरीचं पाणी प्यायला गाव सोडण्यासारखं आहे, असं लोक आबांना चिडवायचे. आबा हसायचे आणि माझी फी भरायचे. आई मी लहान असतानाच गेली. आमच्या घरात आबा, मी, आणि उतारावर जी काय बोट असेल ती, एवढीच माणसं.

आजोबांनी इथे लाकडी गलबतं बांधली. आबांनी लोखंडाचं काम सुरू केलं आणि गोव्याकडच्या खनिजाच्या वाहतुकीसाठी बार्जेस बांधल्या. खाणी बंद पडल्या तशा बार्जेस कुणाला नकोशा झाल्या. मच्छीमार फायबरच्या होड्या घ्यायला लागले. आमचा उतार रिकामा पडला, त्यावर शेवाळ धरलं, आणि गावातल्या बायका त्यावर मासळी वाळवायला लागल्या. यार्डात वेल्डिंगची ठिणगी दिसली नाही की आबांना जेवण जायचं नाही.

अशात सरकारनं किनाऱ्यावर गस्त घालायला बोटी घ्यायचं ठरवलं. टेंडर निघालं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पहिल्याच पानावर मला हसू आलं. ज्यानं अशी बोट आधी बांधली आहे त्यालाच अशी बोट बांधायला मिळणार, असा नियम होता. मग पहिली बोट कुणी बांधायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. पुढे कुठल्याशा पोटकलमात एक फट सापडली. लहान यार्डांसाठी एक बोट राखून ठेवली होती. तिथेही अट साधी होती, ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम. कमी कसा परवडतो, हे विचारायची सोय त्या कागदात नव्हती.

आबांनी दर लावला तेव्हा मी हिशेब तीनदा तपासला. आपल्याला परवडत नाही हे, मी म्हटलं. ते म्हणाले, मला माहीत आहे. पहिली बोट दाखल्यासाठी. एकदा अनुभवाचा दाखला मिळाला की पुढच्या बोटी आपल्या. खात्याला अशा बऱ्याच लागणार होत्या. बाकीच्या यार्डांनीही तसाच विचार केला होता, फक्त आबांनी तो जास्त मनापासून केला, म्हणून काम आम्हाला मिळालं. त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. तोट्याचं काम मिळाल्याचे पेढे वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि इंजिन. इंजिन कुठलं बसवायचं ते करारातच लिहिलेलं होतं, एकाच परदेशी कंपनीचं. ते वेळेत आणायची जबाबदारी मात्र आमची. म्हणजे नवरी त्यांनी पसंत करायची आणि ती मुहूर्ताला मांडवात आली नाही तर जाब आम्ही द्यायचा. कंपनीकडे सगळ्या देशांच्या ऑर्डरी, त्यात पडवणीच्या पेवेकरांची, म्हणजे आमची, एक. नंबर लागेल तेव्हा पाठवू, म्हणाले. मी खात्याला मुदतवाढ मागितली. इंजिन ही ठेकेदाराची बाब आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं.

दुसऱ्या कुणाला विकावी म्हटलं तर ती बोट सरकार सोडून कुणाच्याच कामाची नव्हती. वेगासाठी केलेली, अरुंद, डिझेल ढोसणारी. मासळी ठेवायला तिच्यात जागा नाही, माल भरायला पोट नाही. आमच्या गावातल्या मच्छीमारानं ती फुकटसुद्धा नेली नसती.

पण काय दिसायची. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मी कागदावर काढलं होतं त्याहून देखणं झालं होतं. इब्राहिमचाचांनी तिथला पत्रा वाकवताना माझा नकाशा बाजूला ठेवला आणि हातानं अंदाज घेत घेत ते वळण आणलं. मी मापं घेतली, नकाशाशी जुळली. मी काढलेली ती पहिली बोट होती. आम्ही सगळेच तिच्या प्रेमात पडलो होतो आणि ते लपवायची कुणाला गरज वाटत नव्हती.

आमच्या यार्डाचा रिवाज असा की नवी बोट पाण्यात उतरली की त्याच भरतीला ती स्वतःच्या ताकदीनं खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली पाहिजे. आजोबांच्या वेळी शिडावर, मग इंजिनावर. ओढून आणायची ती बुडालेली बोट, नवी बोट ओढायची नाही, असं आजोबा म्हणायचे. आबा त्यात तसूभर बदल करायला तयार नव्हते.

त्या दिवशी घैसास गेल्यावर मी आबांशी भांडले. इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी भरून ती व्यवस्थित तरंगेल, मी हिशेब केलाय, म्हटलं. एक दिवस रिवाज बाजूला ठेवला तर काय होईल? यार्ड वाचेल, दाखला मिळेल, पुढच्या बोटी मिळतील. आबा ऐकत राहिले. इब्राहिमचाचा बिडी विझवून आमच्यापाशी आले. वेल्डिंगच्या कामाचे ते मुकादम, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. निदान ते तरी माझ्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं.

“बाय,” चाचा म्हणाले, “इंजिनाबगर बोट उतरवली तर ती धा जणांनी मय्यत उचलून न्हेल्यागत होईल. शेट बोलतो ता बरोबर हाय.”

“तुम्ही दोघं मिळून यार्ड बुडवणार आहात,” मी म्हटलं.

आबा तेव्हा माझ्याकडे वळले. “बोट काय कागद हाय, चारू? कलमासाठी भिजवायची नि वाळवायची? मी ती समुद्रात जावाची म्हणून बांधलेय. जाईल त्या दिवशी जाईल.”

“आणि तो दिवस आलाच नाही तर?”

 बोटीला टेकवलेल्या टेकूंपैकी एक आबांना जरा सैल वाटला, तो ते ठोकत बसले.

पौर्णिमेला दुपारी भरती आली. कामगार जेवायला गेले नाहीत. कुणी कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं, तरी सगळे उताराच्या कडेला बसून होते. पाणी चढत चढत उतारावर आलं, बोटीच्या मागच्या भागाखाली पोचलं, आणि सुकाणूला लागलं. मी आबांकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली असती तर त्या माणसांनी टेकू काढून तिला तासाभरात पाण्यात सोडली असती. आबा एका उलट्या टोपल्यावर बसून पाण्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं पाणी उतरायला लागलं. मग ते उठले आणि म्हणाले, जेवून घ्या रे.

मुदत संपल्यावर आठवड्याच्या आत करार रद्द झाल्याचं कळलं. घैसासांनीच फोन केला. 

आणि मग इंजिन आलं. करार रद्द झाल्यावर काही दिवसांनी ते मुंबई बंदरात उतरलं आणि एजंटच्या गोदामात जाऊन पडलं. ही बातमी ऐकून मी यार्डाच्या ऑफिसात बसून इतकी रडले की चहावाल्या बाईनं दार लावून घेतलं. आबांना सांगायची हिंमत मला झाली नाही. चाचांनी सांगितलं. आबा म्हणाले, बरं.

त्यानंतरचे दिवस आठवायला मला आवडत नाही. बँकेची माणसं आली, सभ्यपणे बोलली, यंत्रं बघून गेली. एक भंगारवाला आला. तो बोटीभोवती फिरला, पत्र्याची जाडी बघितली, आणि गॅसकटरनं तुकडे करायला किती दिवस लागतील ते स्वतःशीच बोलला. चाचा त्याच्या अंगावर धावून गेले. नंतर मला म्हणाले, “बाय, शेटला सांग. दुसरी मानसां आन म्हनावं. ह्या बोटीवर कटर चालवाला माजा हात उठाचा नाय.”

आबांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. सकाळी उठून बोटीपाशी जायचे, तिच्यावरचा गंज घासायचे, संध्याकाळी परत यायचे. जिची तोडायची बोली चालली होती ती बोट ते रोज स्वच्छ करत होते. मी त्यांना अडवलं नाही.

अशात एका सकाळी केळुसकर आले. मोठ्या बंदराजवळ त्यांचं यार्ड होतं, आमच्या दसपट, पण कागदोपत्री तेही लहानच. आमच्या टेंडरात त्यांचा दर दुसऱ्या क्रमांकाचा होता. गोरा, उंच, हळू बोलणारा माणूस. मी त्यांचा राग करायचं ठरवलं होतं, पण त्यांनी तशी संधीच दिली नाही. आधी चपला काढून बोटीला नमस्कार केला. मग तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि नाळेपाशी बराच वेळ उभे राहिले.

“हे वळण कुणी आणलं?” त्यांनी विचारलं.

आबांनी चाचांकडे बोट दाखवलं. केळुसकरांनी चाचांना हात जोडले. मग आम्ही ऑफिसात बसलो आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. रद्द झालेलं काम खात्यानं त्यांना दिलं होतं. मुदत तीन महिन्यांची. तीन महिन्यांत नवी बोट बांधणं कुणालाच शक्य नाही, आणि त्यांचा उतारही दुसऱ्या जहाजानं अडलेला.

“तुमची बोट तयार आहे,” ते म्हणाले. “इंजिन गोदामात आहे, ते मी उचलतो. तुमची बोट मला द्या. भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त देईन, पण फार नाही. खोटं कशाला बोलू.”

“आणि खात्याला ती तुमची म्हणून जाणार?” मी विचारलं.

“हो.”

“तुमचा दर आमच्या दीडपट आहे.”

“हो,” ते म्हणाले, आणि त्यांनी खाली पाहिलं. पुढचं कलम त्यांनाही पाठ होतं.

मी ते कलम आबांना समजावलं. ठेकेदार चुकला तर खातं तेच काम दुसऱ्याकडून करून घेणार, आणि वरचा जो काही खर्च येईल तो चुकलेल्या ठेकेदाराकडून वसूल करणार. म्हणजे केळुसकर आपली बोट आपल्याकडून भंगाराच्या भावानं घेणार, सरकारला दीडपट दरानं देणार, आणि मधला फरक सरकार आपल्याकडून घेणार. आपलीच बोट, आपल्याच पैशानं, दुसऱ्याच्या नावावर. दाखलाही त्यांनाच मिळणार, ती बोट त्यांनीच बांधली म्हणून. पुढच्या बोटींना दर भरताना ती त्यांच्या अनुभवात मोजली जाणार, आणि आपलं नाव काळ्या यादीत.

“आबा, तोडली तरी वसुली येईलच, पण निदान ह्यांच्या ताटात तरी आपण वाढणार नाही,” मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. ती तोडलेली मला चालली असती. दुसऱ्याची झालेली बघवली नसती.

 बाहेर कुणीतरी घण मारत होतं. आबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, आणि मग केळुसकरांना एकच विचारलं.

“पाण्यात जाईल ना?”

“जाईल,” केळुसकर म्हणाले.

“मग माजी एक अट हाय. इंजिन हितंच बसवाचा. हितूनच उतरवाची. नि त्याच भरतीला सोताच्या इंजिनावर भाईर काढाची. ओढून न्हेयाची नाय.”

“मान्य. आणि भावाचं?”

“भावाचा तुम्ही काय तो बगा,” आबा म्हणाले.

मी बाहेर निघून आले. उभ्या आयुष्यात मला आबांचा इतका राग आला नव्हता. आयुष्यभराचं यार्ड जात होतं आणि हा माणूस भाव करायच्या जागी बोटीनं कसं जायचं त्याची अट घालत होता. मागून चाचा आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. 

पुढचे दोन महिने आमचं यार्ड असं गजबजलं की गावाला वाटलं आमचे दिवस पालटले. केळुसकरांची माणसं आली. इंजिन आलं. ते उतरवायला क्रेन आली, आणि इंजिन बसवताना आबा सकाळपासून खाली पोटात बसून राहिले. इंजिनाची रेघ पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याशी केसभरही चुकू नये म्हणून त्यांनी केळुसकरांच्या फिटरकडून ते काम पुन्हा पुन्हा करून घेतलं. तो पोरगा वैतागून मला म्हणाला, “ताई, तुमचे वडील आमच्यासाठी एवढं का करतात?”  मी म्हटलं, सवय आहे त्यांना.

सुकाणूच्या खोलीच्या दारावर आमच्या यार्डाची पितळी पाटी लावायची असते. ती आबांनी आधीच कोरून आणली होती. ‘पेवेकर, पडवणी’. ती लागलीच नाही. केळुसकरांची पाटी आली, तिचे स्क्रू चाचांनी पिळले. पिळून झाल्यावर त्यांनी ती फडक्यानं पुसली, कारण पाटी कुणाचीही असो, पितळेवर बोटांचे ठसे त्यांना खपत नसत.

उतरवायच्या दिवशी खात्याचे मोठे साहेब येणार होते. हे साहेब आमच्या वेळी कधी आले नव्हते. मुदतवाढीच्या नकारावर सही त्यांचीच होती, पण त्यांनी यार्ड पाहिलेलं नव्हतं आणि आबांनाही पाहिलेलं नव्हतं. केळुसकरांनी छोटा मांडव घातला, झेंडूची तोरणं लावली. घैसास आले होते. ते आबांच्या नजरेला नजर देत नव्हते. केळुसकरांनी आबांना पुढच्या खुर्चीवर बसायला बोलावलं. आबा नको म्हणाले. त्यांनी धोतराचा काचा मारला होता आणि हातात मोठा हातोडा होता.

बोट उतरवताना टेकू एकेक करून काढतात. शेवटचा टेकू मधोमध, पोटाखाली असतो. सगळं वजन त्या क्षणी त्याच्यावर आलेलं असतं. तो काढणाऱ्याला ठोकून लगेच आडवं व्हावं लागतं, आणि बोट वरून निघून जाईपर्यंत तिथेच पडून राहावं लागतं. हे काम अनुभवी माणसाचं. आमच्याकडे ते चाचा करत. त्या दिवशी चाचांनी हात पुढे केला तेव्हा आबा म्हणाले, “आज मी.” चाचांनी वाद घातला नाही.

साहेबांच्या बायकोनं नारळ फोडला. भरती पूर्ण चढली होती. बाजूचे टेकू निघाले. सगळे मागे सरले आणि आबा एकटेच बोटीखाली वाकून गेले. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. हातोड्याचे दोन ठोके ऐकू आले, मग तिसरा, आणि बोट हलली.

आधी वाटलं नाहीच हलली. मग उतारावर लावलेल्या चरबीवरून ती सरकायला लागली, वेग घेतला, आणि मागच्या बाजूनं पाणी फोडत खाडीत शिरली. एकदा खाली वाकली, वर आली, आणि स्थिर झाली. मी काढलेली पाण्याची रेघ सगळीकडे सारखी दिसत होती, डावीकडे उजवीकडे इंचभरही फरक नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केळुसकरांच्या माणसानं इंजिन सुरू केलं, आणि ती कुणीही न ओढता खाडीच्या तोंडाकडे वळली. तिला जाताना बघून मी चाचांचा हात घट्ट धरला. चाचा रडत होते.

आबा उतारावर उठून बसले होते. अंगाला चरबी आणि चिखल लागला होता. साहेब खूश होऊन उतारापर्यंत खाली आले. त्यांच्यामागे त्यांची बायको आणि एक शिपाई. नव्या बोटीचा शेवटचा टेकू काढणाऱ्याला यार्डाच्या किंवा बोटीच्या मालकानं काहीतरी द्यायचं, हा सगळ्या खाडीतला रिवाज. केळुसकरांच्या माणसानं तो साहेबांना सांगितला असावा. शिपायाच्या हातात घडी घातलेला नवा टॉवेल होता आणि वर एक नोट.

“शाब्बास, मिस्त्री,” साहेब म्हणाले. “केळुसकरांकडे किती वर्षं आहात?”

केळुसकर मागून लगबगीनं पुढे येत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते काही बोलायच्या आत आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“नवीनच हाय साहेब,” आबा म्हणाले.

“छान काम केलंत. ह्या बोटीपायी आम्ही फार त्रास काढला. आधीचा ठेकेदार अगदीच निकामी होता. दीड वर्ष घालवलं त्यानं.”

मी पुढे झाले. मला त्या माणसाला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, कुठल्या ठेकेदाराच्या यार्डात तो उभा आहे ते. आबांनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या हातात अजून तेवढीच ताकद होती.

“असतात तशी मानसां,” ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी टॉवेल आणि नोट पुढे केली. मला वाटलं आबा घेणार नाहीत. त्यांनी आयुष्यभर ती दुसऱ्यांना दिली होती, कधी घेतली नव्हती. पण टेकू काढणाऱ्यानं ती नाकारली तर बोटीला लाभत नाही, असं आमच्याकडे मानतात. आबांनी दोन्ही हातांनी टॉवेल घेतला आणि कपाळाला लावला.

“बोट बरी चालंदे तुमची,” ते म्हणाले.

साहेब चहाला मांडवाकडे गेले. केळुसकर तिथेच उभे राहिले. मग तेही गेले. खाडीच्या वळणापलीकडे इंजिनाचा आवाज बारीक होत होता. आबा पाण्याकडे तोंड करून उतारावर बसले आणि मी त्यांच्याजवळ बसले.

“सरळ बसली ना गं पाण्यात?” त्यांनी विचारलं. “मी खाली आडवा होतो. वर बगतो तर डोल्यांना काय नीट दिसंना.”

“सरळ बसली, आबा,” मी म्हटलं. “अगदी सरळ.”

त्यांनी मान हलवली. आणि साहेबांनी दिलेल्या त्या नव्या टॉवेलात तोंड खुपसून माझे वडील रडायला लागले.